क्लिपलेस पेडल बसवताना या चुका टाळा

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. माउंटन बाइकला क्लिपलेस पेडल, म्हणजे बूट ज्यात अडकून बसतो अशी पेडल, लावणार असाल तर आधी एवढं डोक्यात पक्कं करा, बाकीचं नंतर. माझी पहिली जोडी बसवताना दुकानातल्या मुलाने डावं पेडल नेहमीच्या सवयीने उजवीकडे फिरवलं, अडलं तसा पान्यावर जोर दिला. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीत बसतं तिच्या, भोकातून अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कीस बाहेर पडत होता आणि मी शेजारी उभा राहून नुसता बघत होतो. पेडलचा दांडा पोलादी, क्रँक मऊ. आटे गेले ते क्रँकचे, आणि नवा क्रँक घ्यावा लागला.

पाना पेडलला लावून वर उभा धरा. पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंची पेडल घट्ट होतात, मागे ओढला की सैल. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन वेढे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके बसताहेत. तिथेच थांबा, बाहेर काढा, पुन्हा लावा. ग्रीस टाळलं तर वर्षभराने तेच पेडल काढताना घाम फुटतो.

खरेदीतली नेहमीची चूक म्हणजे रोड बाइकची तीन बोल्टची पेडल उचलणं. त्यांची क्लीट, म्हणजे बुटाखाली बोल्टने लावलेला आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, तळव्याच्या बाहेर येते. आपल्या सह्याद्रीत सायकल खांद्यावर घेऊन कातळ चढायची वेळ येतेच, तिथे असा बूट घसरतो. डोंगरासाठी दोन बोल्टची क्लीट घ्या. शिमानोने १९९० साली एसपीडी आणली ती हीच पद्धत. क्लीट तळव्याच्या खाचेत राहते, त्यामुळे नीट चालता येतं. मात्र एका कंपनीची क्लीट दुसऱ्या कंपनीच्या पेडलमध्ये बसेलच असं धरून चालू नका.

नवख्यांनी क्लीट पकडून ठेवणारी पेडलची स्प्रिंग घट्ट ठेवू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. एसपीडीवर ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने स्प्रिंग सैल करता येते. पेडलच्या दोन्ही तोंडांना वेगवेगळा स्क्रू असतो, म्हणजे जोडीला चार. एक राहिला की कधी पाय झटकन सुटतो, कधी अडकून बसतो, आणि आपण स्वतःलाच दोष देत राहतो. शिमानोची एसएच५६ क्लीट घेतलीत तर घाबरून पाय वेडावाकडा ओढला तरी बऱ्याचदा सुटतो. एसएच५१ टाच बाहेर वळवल्यावरच सोडते. सुरुवातीला ५६च बरी.

आता गुडघा. क्लीट डोळ्यांच्या अंदाजाने सरळ लावली आणि पाय मुळात थोडा बाहेर वळणारा असला, तर दर फेऱ्याला गुडघा पिळला जातो. टेबलाच्या कडेवर बसा, पाय मोकळे सोडा आणि पावलं कुठे वळतात ते पाहा. क्लीटही त्याच कोनात हवी. पुढे-मागे बघायचं तर अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो, त्याच्या खाली किंवा किंचित मागे. उतारावर मागची जागा जास्त स्थिर वाटते. चाचणीच्या फेरीला जाताना अ‍ॅलन की खिशात असू द्या आणि एका वेळी २-३ मिमीच सरकवा. दुखणं राहिलंच तर सोसत बसू नका, जाणकाराकडून फिटिंग करून घ्या.

क्लीट पेडलमध्ये अडकताना क्लिक ऐकू येत नसेल तर आधी बुटाचा तळवा पाहा. क्लीटभोवतीचं रबर जाड असलं की ते पेडलवर टेकतं आणि क्लीट खाली पोचतच नाही. तेवढं रबर कापा किंवा क्लीटखाली पातळ पट्टी घाला. पावसाळ्यात काळी माती खाचेत थापली जाते. तेव्हा काडीने खरवडून पेडलवर बूट दोनदा आपटा. उन्हाळ्यात तेच काम बारीक खडा करतो.

आणि क्लीटचे बोल्ट. त्यांनाही ग्रीस लावा, ५-६ न्यूटन मीटरपर्यंत आवळा आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. हे मी फार कळकळीने सांगतोय, कारण एक बोल्ट गळला की टाच वळवल्यावर बूटच क्लीटभोवती फिरतो आणि पेडल काही केल्या सोडत नाही. असं झालं तर ओढाताण करू नका. भिंतीला किंवा झाडाला टेकून उभे राहा, बुटाची पट्टी सोडा आणि पाय बुटातून बाहेर काढा; बूट पेडललाच राहू द्या, उरलेला बोल्ट मग सावकाश सोडवता येतो.