व्हीएमचा आयपी गंडलाय? या चुका टाळा

व्हीएममध्ये (म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) नेट चालत नाही म्हटलं की लोक आधी नेटवर्क अडॅप्टर काढून परत टाकतात, मग रिस्टार्ट, मग फायरवॉल बंद, आणि तरी नाही जमलं तर सरळ नवीन ओएस टाकून मोकळे. अरे बाबांनो, आधी आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) तर बघा, विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग आणि लिनक्समध्ये आयपी ए ही कमांड, बस. घोळ कुठंय ते बऱ्याचदा तो आकडाच सांगतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) १०.०.२.१५ दिसतोय? म्हणजे व्हीएम नॅटवर आहे (लॅपटॉपच्या आड राहून त्याच्याच नेटवरून बाहेर जातो) आणि यात बिघडलेलं काहीच नाही. पण लोक दोन व्हीएम चालू करतात, दोन्हीत तोच आकडा बघतात आणि आयपी कॉन्फ्लिक्ट झाला म्हणून स्टॅटिक (हाताने ठरवलेला) आयपी द्यायला बसतात. कॉन्फ्लिक्ट वगैरे काही नसतो, साध्या नॅटमध्ये प्रत्येक व्हीएम आपापल्या वेगळ्या राउटरमागे असतो, त्यामुळे ते एकमेकांना दिसतच नाहीत आणि लॅपटॉपवरून पिंग केलं तरी पोचत नाही, आयपी कितीही बदला. लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून लॉगिन) करायचंय तर पोर्ट फॉरवर्डिंग लावा, होस्टचा (लॅपटॉपचा) पोर्ट २२२२ गेस्टच्या (व्हीएमच्या) पोर्ट २२ ला. नाहीतर दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्याच्या व्हीएमपुरतं नेटवर्क) जोडा, त्यावर सहसा १९२.१६८.५६ वाला आयपी येतो. फक्त पहिला नॅटवाला काढू नका, होस्ट-ओन्ली एकटा ठेवला की इंटरनेट गेलंच. आणि दोन व्हीएमना आपसात बोलायचंय, वर इंटरनेटही हवंय, तर नॅट नेटवर्क नावाचा वेगळा पर्याय आहे तो घ्या (नावं इतकी सारखी कुणी ठेवली देव जाणे).

१६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आला तर डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आयपी वाटणारी सेवा) उत्तरच आलं नाही आणि मशीनने स्वतःच काहीतरी आकडा लावून घेतला असं समजा. लिनक्समध्ये कधीकधी आयपीची जागा नुसती रिकामीच दिसते. इथे बऱ्याचदा ब्रिज्ड मोड (व्हीएमला थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा) असतो आणि ब्रिज जोडलेला असतो लॅनच्या कार्डाला, लॅपटॉप मात्र वायफायवर! कार्ड बदला, केबल कनेक्टेडची टिक बघा. ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर मात्र ब्रिज्डचा नाद सोडा, तिथे बऱ्याचदा ओळखीच्या मॅक ॲड्रेसलाच (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) आत घेतात, नॅटवर या.

आता सगळ्यात डोकं खाणारा प्रकार, क्लोन, म्हणजे व्हीएमची हुबेहूब कॉपी. उबंटूचा एक व्हीएम नीट सेट केला, त्याचे तीन क्लोन काढले, क्लोन करताना नवीन मॅक ॲड्रेसचा पर्यायही निवडला, आणि तरी सगळ्यांना एकच आयपी! एसएसएच केलं की कधी या मशीनवर तर कधी त्या मशीनवर. माणूस मॅक परत परत तपासत बसतो आणि मॅक तर खरंच वेगळे असतात. गंमत अशी की नेटप्लॅनवाल्या (उबंटूची नेटवर्क सेटिंगची व्यवस्था) उबंटू सर्व्हरमध्ये डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक नाही, तर मशीन-आयडीवरून (इन्स्टॉल करताना त्या मशीनला मिळालेला ओळख नंबर) बनवलेला नंबर पाठवला जातो, आणि इटीसी फोल्डरमधली ती मशीन-आयडीची फाइल क्लोनबरोबर जशीच्या तशी कॉपी झालेली असते. डीएचसीपीला वाटतं हा तोच जुना गडी, घे तुझा जुना आयपी. क्लोनमध्ये ती फाइल रिकामी करा (डिलीट नाही, रिकामी), रीबूट केलं की नवीन आयडी बनतो. डीबसच्या (लिनक्समधल्या प्रोग्रॅमना आपसात बोलू देणारी सेवा) फोल्डरमध्येही त्याच नावाची फाइल असते, ती लिंक नसून खरी वेगळी फाइल असेल तर आधी उडवा, नाहीतर जुना आयडी तिथूनच परत येतो. आयडीला हात लावायचा नसेल तर नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक करून टाका, तेवढ्यानेही भागतं. पुढे क्लोन काढायचे असतील तर मूळ मशीनमधलीच फाइल रिकामी करून ते बंद करा आणि मग क्लोन काढा.

व्हर्च्युअलबॉक्समधून व्हीएमवेअरमध्ये मशीन हलवलं आणि नेट गेलं, तर नेटप्लॅनच्या फाइलमधलं कार्डाचं नाव बघा. तिथे सहसा ईएनपी०एस३ लिहिलेलं असतं आणि इकडे कार्ड झालेलं असतं ईएनएस३३ वगैरे. नाव बदला, मग नेटप्लॅन अप्लाय ही कमांड चालवा.

हायपर-व्हीवाल्यांनी (विंडोजमधली व्हीएम चालवायची सोय) डिफॉल्ट स्विचवर (व्हीएम जोडायचा आयता आभासी स्विच) स्टॅटिक आयपी देऊच नये, होस्ट रीस्टार्ट झाला की त्याची रेंज बदलू शकते आणि काल चालणारा व्हीएम आज मुका. कायमचा आयपी हवा असेल तर स्वतःचा इंटर्नल स्विच बनवा, होस्टच्या बाजूला आयपी तुम्हीच द्या, आणि त्यावर इंटरनेट हवं असेल तर नॅटही पॉवरशेलमधून तुम्हालाच लावावं लागेल.