न्यूमोनियातून उठलात? मग निदान या चुका तरी टाळा

डिस्चार्जचा कागद हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "आता इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?" वीस वर्षं श्वसनविकारांच्या वॉर्डात फिजिओथेरपी करतेय, पण अजून या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून कुणी खूश झालेलं नाही. गंभीर फ्लू किंवा कोविडमध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घसरतात आणि भरून यायला आठवडे घेतात, हे खरं. पण त्याच वेळी फुप्फुसात प्रतिकारशक्तीनंच पेटवलेली सूज धुमसत असते. एकीकडे कमतरता, दुसरीकडे अतिरेक. मग वाढवायचं नेमकं काय?

एक बाई पिशवीभर बाटल्या घेऊन आल्या. सात बाटल्या टेबलावर मांडल्या. मी त्यांनाच लेबलं मोठ्यानं वाचायला लावली आणि कागदाच्या पाठीवर झिंकची बेरीज करत गेले. चार बाटल्यांत झिंक निघालं: ५०, २२, १५, १०. रोजचे ९७ मिलिग्रॅम! प्रौढांसाठी वरची मर्यादा ४० धरतात. तोंडाला धातूची चव, सतत मळमळ, त्यामुळे जेवण जात नाही. जेवण नाही म्हणून अशक्तपणा, आणि अशक्तपणा आहे म्हणून आणखी एक बाटली. एवढं झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यापायी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणजे पैसे मोजून प्रतिकारशक्ती घालवायची. ड जीवनसत्त्व तपासणीत कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. बाकी भर झोपेवर आणि प्रथिनांवर द्या. आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांना रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा). हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यात बाटली नाही.

माझा खरा राग मात्र 'फ्रेश वाटतंय' मंडळींवर आहे. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, आजाराआधी रोज पळणारे. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून घरी गेले. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी त्यांनी फोन केला, "मॅडम, आज तीन किलोमीटर पळलो, काही झालं नाही." मी म्हटलं, परवा फोन करा. बुधवारी फोन बायकोनं केला. कंगवा धरलेला हात डोक्यापर्यंत जात नव्हता. श्रमाची शिक्षा त्याच दिवशी मिळतेच असं नाही. १२ ते ७२ तासांनीही मिळते, त्यामुळे माणसाला त्या दोन गोष्टींचा संबंधच लागत नाही. त्यांचे पुढचे पाच आठवडे गेले.

माझी पद्धत पुस्तकी नाही. जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या निम्मं करायचं. मग दोन रात्री जाऊ द्यायच्या. तिसऱ्या दिवशी शरीर कुरकुरत नसेल तरच थोडं वाढवायचं. त्याआधी बोटाला ऑक्सिमीटर लावून खुर्चीवरून एक मिनिट ऊठबस करून बघायची (बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, नाहीतर आकडा खोटा येतो). ऑक्सिजन ३ अंकांनी किंवा जास्त उतरला तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यांतलं काहीही असेल तर ऊठबसही नको. हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते, आणि ती असली तर खेळाडूंनासुद्धा तीन ते सहा महिने मैदानाबाहेर बसवतात.

ताप उतरून दोन-चार दिवस बरे गेले आणि पुन्हा चढला, तर "थकव्यानं आला असेल" म्हणू नका. श्वासमार्गाच्या अस्तरावरची कफ वर ढकलणारी लव विषाणूनं उखडलेली असते. ती परत येईपर्यंत जिवाणूंना वाट मोकळी. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू असल्याच जिवाणूजन्य न्यूमोनियानं झाले होते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिक काढू नका.

उरलेल्या चुका एकेका ओळीत:

स्टेरॉइड दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मनानं एकदम बंद करू नका.

कोरडा खोकला आठ आठवडेही रेंगाळतो. त्यासाठी दर रविवारी औषध बदलू नका.

सिगारेट ओढत असाल तर वरचं सगळं वाचायचा वेळ फुकट गेला.

आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. घाबरू नका.

एक्स-रेवरचा डाग जायला सहा आठवडे लागतात, उतारवयात बाराही. पंधराव्या दिवशी फिल्म काढून घर डोक्यावर घेऊ नका. बारा आठवड्यांनीही डाग तसाच असेल तर मात्र छातीच्या डॉक्टरांकडे जाच, आणि जाताना जुनी फिल्म सोबत न्या.