डिश काढून नेटवर टीव्ही लावताय? आधी एवढं बघून घ्या

मागच्या दिवाळीत गावी गेलो आणि हौसेने बाबांची डिश बंद करून फायबरवर टीव्ही लावून दिला. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी फोन, "अरे ते मधेच गोल गोल फिरतंय, बघ जरा". कंपनीला कितीही शिव्या घातल्या तरी अर्धी चूक माझीच होती, काहीच तयारी न करता गेलो होतो. तुम्ही तसं करू नका.

सगळ्यात आधी कनेक्शनवाल्याला एकच विचारा, चॅनल तुमच्या लाइनीतून येणार की अ‍ॅपमधून? कारण नेटवरचा टीव्ही म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकतात. पहिला आयपीटीव्ही. डिशमध्ये सगळे चॅनल एकदम छत्रीवर येत असतात आणि बॉक्स त्यातला हवा तो उचलतो, इथे उलटं आहे, तुम्ही बटण दाबलं की बॉक्स वर निरोप पाठवतो की हा चॅनल दे आणि तेवढा एकच तुमच्या वायरीतून येतो. गल्लीतली पन्नास घरं एकच सिरियल बघत असतील तरी मुख्य लाइनीत तिची एकच प्रत धावते आणि जिथे फाटे फुटतात तिथे वाटली जाते, याला मल्टिकास्ट म्हणतात. हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये चालतं, म्हणून सहसा अडकत नाही.

दुसरा अ‍ॅपवाला, म्हणजे ओटीटी. इथे प्रत्येक घराला स्वतंत्र प्रत जाते. 2023 च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी लोक होते, त्या सगळ्यांना वेगवेगळी! व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा भारी, मध्यम, हलका अशा क्वालिटीत सर्व्हरवर तयार असतो, आणि नेट कसं चाललंय ते बघून पुढचा कुठला मागवायचा हे तुमचा टीव्ही ठरवतो. चित्र मधेच धुरकट होऊन परत स्वच्छ होतं ते याच्यामुळे, टीव्ही बिघडलेला नसतो. दोन-चार तुकडे साठवून मग दाखवतो म्हणून मॅच सुद्धा मागे राहते, आमच्या शेजारी डिश आहे, तिकडे आरडाओरडा झाला की बाबा म्हणतात "गेली विकेट", आणि आमच्याकडे बोलर अजून रनअपला असतो. घरात क्रिकेटवेडं कोणी असेल तर हे आधीच सांगून ठेवा, नंतर भांडणं होतात.

स्पीडचं टेन्शन घेऊ नका. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि फोरकेला 15 सांगतं, म्हणजे साध्या घराला 30-40 चा प्लॅन आरामात पुरतो. खरी बोंब असते वायफायची. आमच्याकडे जोडायला आलेल्या पोराने राउटर माळ्यावर, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता, आणि टीव्ही पुढच्या सोप्यात, मधे दोन दगडी भिंती. 5 गिगाहर्ट्झवालं वायफाय फास्ट असतं पण अशा भिंतीपुढे मान टाकतं, 2.4 वालं पलीकडे पोचतं पण शेजारपाजारच्या सगळ्या वायफायची गर्दी त्यातच. शेवटी सुतळीने अंतर मोजलं, साडेअकरा मीटर भरलं, पंधरा मीटरची लॅन केबल आणून थेट टीव्हीला जोडली आणि त्या दिवसापासून गोल फिरणं बंद. त्यामुळे वायरवाला यायच्या आधी टीव्हीजवळचा प्लग आणि वायर कुठून आणायची ते ठरवून ठेवा, तो घाईत असतो, सोयीचं वाटेल तिथे ठोकून जातो.

लाइट जात असेल तर राउटरला मिनी यूपीएस घ्या, पण आधी अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा, बहुतेक 12 असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार सोडा, एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत जातात, दिवसाचा दीड जीबी अर्ध्या तासात संपेल. जुना टीव्ही असेल तर मागे एचडीएमआयचं भोक आहे का बघा, मग स्टिक किंवा बॉक्स लागतो. अगदी स्वस्तातला बॉक्स घेऊ नका, त्यात वाइडवाइन एल1 (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी) नसलं तर पैसे भरूनही बरीच अ‍ॅप एचडी देत नाहीत.

आई-बाबा रोज खरंच काय बघतात ते कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे यादी निघाली सात चॅनलची, आणि आपण पाचशेचं पॅक बघत बसतो! दूरदर्शनचे चॅनल हवे असतील तर प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप आहे, 20 नोव्हेंबर 2024 ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला सुरू झालं.

लॉगिनचा ओटीपी बाबांच्या नंबरवर येतो, तेव्हा त्यांचा फोन चार्ज करून जवळ ठेवा, आमच्या वेळी तो शेतात होता, बाबांसकट. डिशचं रिचार्ज एक महिना चालू राहू द्या, छत्री तर काढूच नका. आणि रिमोटच्या पाठीला चिकटपट्टीने कागद लावा, आईच्या रिमोटवर अजून आहे: "घराचं चित्र दाबा, उजवीकडे तीनदा, मग गोल बटण. माइकचं दाबू नये."