लोककथा-परीकथांची पुस्तकं: कोणत्या वयाला कोणतं व्हर्जन?

पाच वर्षांच्या मुलीला सिंड्रेला वाचून दाखवू का असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कोणती सिंड्रेला? कारण फ्रान्सच्या शार्ल पेरोने 1697 मध्ये छापलेल्या सिंड्रेलात भोपळ्याची बग्गी आहे, काचेचा बूट आहे आणि शेवटी ती दोन्ही बहिणींना माफ करून राजवाड्यात घेऊन जाते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात परी नाहीच, तिथे आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आणि त्यावरचे पक्षी तिला मदत करतात, बूट पायात बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि शेवटी पक्षी दोघींचे डोळे फोडतात. मुखपृष्ठावर नाव तेच. म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं हेच की वयाप्रमाणे गोष्ट निवडू नका, गोष्टीचं व्हर्जन निवडा.

आणि हे काही आपल्या काळातलं फॅड नाहीये. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड 1812 मध्ये आला, दुसरा 1815 मध्ये, तो मुळात अभ्यासकांच्या डोक्याने केलेला संग्रह होता, टिपांसकट, आणि हे मुलांसाठी योग्य नाही अशी टीका झाल्यावर त्यांनी 1825 मध्ये स्वतःच निवडक 50 गोष्टींची छोटी सचित्र आवृत्ती काढली. म्हणजे मुलांसाठी वेगळं निवडायचं हे खुद्द त्यांनीच केलेलं काम आहे, आपण केलं तर त्यात गोष्टीचा अपमान वगैरे काही नाही.

आता वयाचं बघू. हे आकडे अंदाजाचे धरा, प्रत्येक मूल वेगळं असतं.

दोन ते साडेतीनपर्यंत परीकथा नकोच, साखळी कथा हवी. म्हणजे ज्यात तेच वाक्य परत परत येतं, दर वेळी एक पात्र वाढतं, आणि मूल तिसऱ्या वेळेला तुमच्या आधी बोलून टाकतं. चिमणी-कावळ्याची गोष्ट, ती "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते" वाली, किंवा भोपळ्यातून टुणूक टुणूक जाणारी म्हातारी, याच्यापेक्षा या वयाला चांगलं काही नाही असं मला मनापासून वाटतं. पुस्तक घेताना बघायचं की ती पुन्हा येणारी ओळ दर वेळी तशीच्या तशी छापलीये का, कारण बरेच लेखक कंटाळून किंवा जागा वाचवायला "असं पुन्हा झालं" लिहून मोकळे होतात आणि तिथे गोष्टीचा जीवच जातो. जाड पुठ्ठ्याची पानं, एका पानावर एकच चित्र, दोन-तीन ओळी. बास.

चार-पाचला छोटी पण पूर्ण गोष्ट झेपते. तीन डुकरं, पूल ओलांडणाऱ्या तीन बकऱ्या, असं तीनचं गणित या वयाला फार आवडतं कारण दोनदा झालं की तिसऱ्यांदा काय होणार हे त्यांना कळायला लागलेलं असतं. इथे शेवट सुखरूप हवा. लोकांना वाटतं ग्रिम म्हणजे भीतीदायक आणि पेरो म्हणजे गोड, पण लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत बरोबर उलटं आहे, पेरोच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, सोडवायला कोणी येतच नाही. ग्रिमच्या गोष्टीत शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो आणि आजी-नात दोघी जिवंत बाहेर येतात. त्यामुळे नुसतं नाव बघून घेऊ नका, शेवटचं पान आधी वाचा. पुस्तक हातात घेतल्यावर मी पहिल्या पानाआधी शेवटचं पानच उघडते.

सहा ते आठ हे परीकथांचं खरं वय. आणि इथे मात्र उलटी चूक होते, आपण फार गुळगुळीत केलेली पुस्तकं आणतो. चेटकीण शेवटी सॉरी म्हणते, लांडगा मित्र होतो, राक्षसाला नुसतं पळवून लावतात. या वयाच्या मुलांना न्याय लागतो हो, वाईट केलं त्याचं पुढे काय झालं हे ते विचारतातच, आणि हॅन्सेल-ग्रेटेल या बहीण-भावाच्या गोष्टीतली चेटकीण भट्टीत गेली नाही तर ती परत येईल का अशी भीती उलट वाढते. भाच्याने मला अगदी हाच प्रश्न विचारला होता, सौम्य केलेलं पुस्तक वाचल्यावर, "मग ती आता कुठेय?" त्यानंतर मी या वयासाठी दुष्टाचा शेवट स्पष्ट असलेलीच पुस्तकं घेते, फक्त त्या प्रसंगाचं वर्णन लांबवलेलं नसावं आणि चित्र अंगावर येणारं नसावं. वाचलेलं भयानक मूल स्वतःच्या मनाला पेलेल तेवढंच रंगवतं, चित्रातलं मात्र आहे तसंच डोळ्यांसमोर राहतं. म्हणून या वयासाठी पुस्तक चाळताना सगळ्यात भीतीच्या प्रसंगाचं चित्र आधी शोधायचं.

पंचतंत्राबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आपल्याकडे ते सरसकट लहान मुलांचं समजून दिलं जातं. ससा-सिंह, माकड-मगर अशा सुट्या गोष्टी सहा-सातला मस्त चालतात. पण मूळ ग्रंथ राजपुत्रांना व्यवहार आणि राजनीती शिकवायला रचलेला आहे, एका गोष्टीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. पहिल्या तंत्रात म्हणजे पहिल्या भागात, मित्रभेदात, दमनक कोल्हा सिंह आणि बैलाच्या मैत्रीत विष कालवतो आणि शेवटी सिंह त्या निरपराध बैलाला मारतो. हे सहा वर्षांच्या मुलाला का सांगायचं? पण दहा-अकराला हीच गोष्ट द्या, वर्गात कान भरणारी मुलं त्यांनी तोपर्यंत पाहिलेली असतात, तासभर बोलतात त्यावर. म्हणून लहानपणी सुट्या गोष्टींचं पातळ पुस्तक आणि नंतर गोष्टीच्या पोटात गोष्ट असलेलं पूर्ण पंचतंत्र असं दोनदा घ्यावं. आणि प्रत्येक गोष्टीखाली ठळक चौकटीत तात्पर्य छापलेलं असेल तर वाचताना ते सोडून द्या, मुलाला काय वाटलं ते आधी ऐका.

नऊ ते अकराला जाडजूड संग्रह. या वयात पुस्तक जाड असल्याचाच अभिमान असतो. इथे मी तीन गोष्टी बघते, कोणत्या देशाची कथा आहे ते लिहिलंय का, कोणी गोळा केली ते लिहिलंय का, आणि संक्षिप्त आहे की पूर्ण. रशियात अफनास्येवने 1855 ते 1863 या काळात जवळजवळ 600 कथा छापल्या, तसे संग्राहक बऱ्याच देशांत झाले, आणि प्रस्तावनेत त्यांचं नावही नसेल तर त्या पुस्तकावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

डेन्मार्कचा लेखक अँडरसनही याच वयाला. तो लोककथा गोळा करणारा नव्हता, बऱ्याच गोष्टी त्याने स्वतः रचल्यात आणि त्यातल्या कितीतरी दुःखाच्या आहेत. 1837 च्या मत्स्यकन्येला राजपुत्र मिळत नाही, 1845 ची काड्या विकणारी मुलगी थंडीत मरते. परीकथा म्हणजे शेवट गोडच असणार असं धरून मी ही काडीवाली गोष्ट लेकीला चौथ्या वर्षी झोपताना वाचली, आधी स्वतः न वाचता, आणि ती मध्यरात्री उठून विचारत होती की तिला कोणी घरात का नाही घेतलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आधी स्वतः मोठ्याने वाचल्याशिवाय कुठलंच पुस्तक मी मुलांच्या हातात देत नाही. मोठ्याने वाचल्यावर अनुवादाची भाषाही लगेच कळते, जीभ अडखळली की समजायचं वाक्य मराठीत विचार करून लिहिलेलं नाही.

बाराच्या पुढे मुलं म्हणतात आम्ही मोठे झालो, परीकथा नको. तेव्हा त्यांना एकाच कथेची दोन-तीन व्हर्जन्स शेजारी ठेवून द्या. 1812 च्या ग्रिममध्ये स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली तिची सख्खी आई आहे, 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल-ग्रेटेलची आई 1840 मध्ये सावत्र झाली. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या ये-श्यानच्या कथेत परीच्या जागी माशाची हाडं आहेत, बूट सोन्याचा आहे, आणि ती पेरोच्या कितीतरी आधीची आहे. आई सावत्र का केली असेल, हा प्रश्न टाकून आपण गप्प बसायचं.

आणि मूल अर्ध्यात "बंद कर" म्हणालं तर बंदच करायचं, पुढे चांगलं होतं गं असं समजावत बसायचं नाही. पुस्तक वरच्या कप्प्यात ठेवून द्यायचं. लेकीने ते काडीवालीचं पुस्तक नऊ वर्षांची झाल्यावर स्वतः खुर्ची लावून खाली काढलं, एकटीने वाचलं, आणि मग माझ्याजवळ येऊन बसली.