ट्रंकेतल्या जुन्या कागदांची सूची कशी करावी

आजोबांची ट्रंक उघडली की हात आपोआप वाटण्या करू लागतात: पत्रं इकडे, पावत्या तिकडे, फोटो वेगळे. तो हात आधी आवरा. कोणता कागद कशाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. जमिनीच्या दाव्याच्या कागदांत भावाचं पत्र सापडलं, तर ते बहुधा दाव्याशी संबंधित असतं. ते उचलून ‘कौटुंबिक पत्रं’त टाकलं की धागा तुटला. म्हणूनच अभिलेखागारं, म्हणजे जुने दस्तऐवज सांभाळणाऱ्या संस्था, एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळत नाहीत आणि मूळ क्रम शक्यतो मोडत नाहीत.

तेव्हा आधी ट्रंक आहे तशी, थराथराने मोबाइलवर टिपा. प्रत्येक जुडग्यात क्रमांकाची चिठ्ठी घाला. गंजक्या टाचण्या हलक्या हाताने काढा; सेलोटेप आणि लॅमिनेशन मात्र नकोच. क्रमांक मऊ पेन्सिलीने, कागदाच्या मागच्या कोपऱ्यात लिहा. पाकीट पत्रापासून तोडू नका, टपालाचा शिक्का त्याच्यावरच असतो.

नोंदी वरून खाली करायच्या. पहिल्या पानावर अख्ख्या संग्रहाचं वर्णन: कागद कोणाचे, ती व्यक्ती काय करत होती, साधारण कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे, किती खोकी, भाषा-लिपी कोणत्या, तुमच्याकडे कसे आले. मग भाग: पत्रव्यवहार, रोजनिशा, हिशेब. मग एकेक जुडगं. सुटं पत्र सगळ्यांत शेवटी, तेही गरज असेल तरच. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचं १९९४चं मानकही हाच क्रम सांगतं. बहुतेक लोक उलटं, पत्रापासून सुरू करतात आणि पहिल्याच जुडग्यात दमतात.

खरी मजा तारखांत आहे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. शके १८५६चा श्रावण १९३४चा, माघ मात्र १९३५चा. मार्गशीर्ष किंवा पौष दोन्हीकडे पाय ठेवून असू शकतो, तिथे जुनं पंचांगच पाहावं. तारीखच नसेल तर मायना बघा. एकाच बाईला आधी ‘चि.’, मग ‘सौ.’, पुढे ‘गं. भा.’ लिहिलेलं सापडतं. लग्नाचं आणि पतीच्या निधनाचं साल घरात विचारलं की पत्र कोणत्या काळातलं ते कळतं. असा अंदाज चौकटी कंसात द्या, [१९३४?] असा, म्हणजे कागदावरची तारीख आणि तुमचा तर्क यांत गल्लत होणार नाही.

नावांची वेगळी यादी हवीच. ‘माई’, ‘अक्का’, ‘दादा’ प्रत्येक घरात असतात, तेव्हा टोपणनावासमोर पूर्ण नाव, नातं आणि बाईचं माहेरचं नाव लिहा. हे सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. बाकीचं काम थांबू शकतं, हे नाही. मोडीतला कागद वाचता येत नसेल तर ‘मोडी, २ पानं, न वाचलेलं’ एवढं पुरे. आशयाबद्दल तर्क लढवू नका.

कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या (स्थापना १९१०) एखाद्या संस्थेला द्यायचे असतील तर आधी सूचीची प्रत दाखवा; त्यांना काय हवं, काय नको ते त्यावरून ठरतं. हयात माणसांच्या आजारपणाची, भांडणांची पत्रं सूचीत ‘अमुक सालापर्यंत बंद’ असा शेरा मारून ठेवता येतात. पत्राचा कागद तुमचा असला, तरी मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो, हेही संस्थेशी करार करताना लेखी येऊ द्या.