नेट स्लो चालतंय? आधी नेमकं कुठे अडकतंय ते शोधा

नेट स्लो झालं की बहुतेक जण एकतर कंपनीला फोन लावतात नाहीतर सरळ मोठा प्लॅन घेऊन टाकतात, आणि मोठा प्लॅन घेऊनही व्हिडिओ तसाच अडकत राहतो कारण मुळात अडचण प्लॅनमध्ये नव्हतीच. तुमच्या कॉम्प्युटरपासून बाहेरच्या जगापर्यंत चार टप्पे असतात. एक कॉम्प्युटर स्वतः, मग कॉम्प्युटर ते राउटर म्हणजे वायफाय किंवा केबल, मग राउटर, आणि शेवटी राउटरपासून पुढे कंपनीची लाइन. यातला कुठला टप्पा रखडतोय हे कळेपर्यंत प्लीज एकही सेटिंग बदलू नका, कारण पाच गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

त्याआधी एक खात्री करून घ्या की नेट खरंच स्लो आहे. प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल डाउनलोड होताना दिसतो तो आकडा बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिटचा १ बाइट होतो, म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास चालत असेल तर ते अगदी बरोबर आहे, काहीही बिघडलेलं नाहीये. अजून एक, काही प्लॅनमध्ये ठरावीक डेटा वापरून झाला की कंपनी स्पीड कमी करते, तेव्हा महिन्याच्या शेवटी शेवटी स्लो होत असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये किती डेटा उरलाय ते आधी बघा.

आता खरी टेस्ट. लॅन केबल घ्या, कॉम्प्युटर थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा आणि मग स्पीड टेस्ट करा. ही टेस्ट कंटाळा न करता कराच, कारण हिच्याने अर्धा प्रश्न जागेवर सुटतो. केबलवर स्पीड पूर्ण मिळाला तर लाइन चांगली आहे आणि दोष वायफायचा आहे. केबलवरही स्लो असेल तर त्याच केबलला दुसरा लॅपटॉप लावून बघा, त्याच्यावर फास्ट चालला तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा, तोही स्लो असेल तर राउटर किंवा लाइन.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि केबलवर आकडा दर वेळी ९४-९५ लाच येऊन थांबतोय असं असेल तर बहुतेक केबल किंवा पोर्ट १०० वर अडकलाय. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, १०० च्या स्पीडला त्यातल्या ४ पुरतात पण गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात, त्यामुळे एखादी तार तुटली किंवा पिन नीट बसली नाही की नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. केबल बदलून बघा. तरीही तेच असेल तर राउटरचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्टच जुन्या प्रकारचा असू शकतो.

वायफायचा दोष निघाला तर (आणि माझ्या अनुभवात बऱ्याचदा तोच निघतो) सगळ्यात आधी कुठल्या बँडवर (म्हणजे वायफायच्या कुठल्या रेडिओ पट्ट्यावर) आहात ते बघा. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंतीतून बरा जातो, पण स्पीड कमी आणि गर्दी प्रचंड, कारण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ फास्ट असतो पण दोन भिंती मध्ये आल्या की दमतो. राउटर त्याच खोलीत किंवा बाजूच्या खोलीत असेल तर डोळे झाकून ५ ला जोडा. २.४ वरच राहावं लागणार असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो कमी गर्दीचा असेल तो निवडा, मधलेअधले घेऊ नका कारण ते दोन्ही बाजूच्या चॅनलवर चढतात. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवलेला असेल तर तो बाहेर काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा, एवढ्यानेच खूप फरक पडतो. आणि छोटा यूएसबी वायफाय डोंगल वापरत असाल तर तो यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला चिकटून लावू नका, त्या पोर्टमधून निघणारा गोंधळ २.४ च्या सिग्नलला त्रास देतो, एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल जरा लांब घ्या. डोंगल खूप जुना असेल तर त्याला ५ चा बँड दिसतच नाही, अशा वेळी राउटर कितीही भारी आणा, उपयोग शून्य.

कॉम्प्युटरचा दोष असेल तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक केलं की कोण किती नेट खातंय ते वरून खाली लागतं. विंडोज अपडेट, गेमचं अपडेट, टॉरेंट, फोटोंचा क्लाउड बॅकअप हे नेहमीचे गिऱ्हाईक. यातल्या बॅकअपकडे नीट लक्ष द्या, कारण तो डाउनलोड नाही तर अपलोड भरतो आणि लोकांना वाटतं अपलोडचा आपल्या ब्राउझिंगशी काय संबंध. संबंध आहे. कुठलंही पेज उघडताना तुमच्याकडूनही छोटे छोटे निरोप सतत बाहेर जात असतात, पेज मागायचे, डेटा मिळाला म्हणून कळवायचे, आणि अपलोडची रांग तुंबली की ते निरोप त्या रांगेत अडकतात आणि डाउनलोडही रेंगाळतं. बॅकअपच्या अॅपमध्ये अपलोडला मर्यादा घाला किंवा तो रात्रीवर टाका.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून नेणारं अॅप) चालू असेल तर तो बंद करून बघा. आणि स्पीड टेस्ट मस्त येतेय पण फक्त ब्राउझरच रडतोय असं असेल तर इनकॉग्निटो खिडकीत तीच साइट उघडा, तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी अॅप) सहसा बंद असतात, म्हणून तिथे फास्ट उघडली तर बहुतेक एखादं एक्स्टेन्शन त्रास देतंय, एकेक बंद करत शोधा.

कधी कधी स्पीड टेस्टचा आकडा चांगला येतो पण कॉल तुटतात, गेम अडखळतो. तेव्हा पिंग बघायचा, म्हणजे छोटा निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग कमांड लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या (राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो) आणि शेवटी स्पेस देऊन डॅश टी लिहा म्हणजे ती चालूच राहील. दुसऱ्या खिडकीत तसाच पिंग गूगलच्या पत्त्याला लावा, चार वेळा आठ आणि मध्ये टिंब. आता दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून बघत बसा. राउटरचाच आकडा मध्येच शेकड्यात उडी मारत असेल तर वायफाय खराब आहे. राउटर शांत आहे आणि फक्त गूगलचा आकडा उड्या मारतोय किंवा टाइम आउट दिसतंय तर अडचण राउटरच्या पुढे आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी.

डीएनएस बदला म्हणजे स्पीड दुप्पट होतो असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. डीएनएस फक्त साइटचा पत्ता शोधून देतो, त्यामुळे पेज उघडायला सुरुवातीला लागणारा वेळ कमी होऊ शकतो, डाउनलोडचा स्पीड त्याने वाढत नाही.

राउटर रिस्टार्ट करायचा असेल तर प्लग काढून अर्धा मिनिट थांबा, मग लावा, आणि राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर तेही अपडेट करून घ्या. पण रोज रिस्टार्ट केल्याशिवाय चालतच नसेल तर तो उपाय नाही, राउटर गरम होतोय किंवा म्हातारा झालाय, बदला.

एवढं करून दोष लाइनचाच निघाला तर सकाळी, दुपारी आणि रात्री असे दोन-तीन दिवस केबलवरचे आकडे वेळेसकट लिहून ठेवा. फक्त रात्रीच पडत असेल तर पुढे कुठेतरी गर्दी होतेय, दिवसभर सारखाच कमी असेल तर वायर, जोड किंवा त्यांच्याकडची सेटिंग. फोन केल्यावर नुसतं नेट स्लो आहे म्हणू नका, केबल लावून टेस्ट केलीय, दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच येतंय, राउटरचा पिंग चांगला आहे आणि बाहेरचा खराब, असं सांगा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. मग राउटर बंद करून चालू करा वगैरे पायऱ्यांत वेळ घालवायची गरज राहत नाही आणि थेट लाइन तपासायला माणूस पाठवा म्हणून आग्रह धरता येतो.