अराइव्ह ॲट की अराइव्ह इन?

भुसावळला इंग्रजीची शिकवणी घेतो, त्यामुळे क्रियापदापुढे कोणता शब्द लावायचा ते मुलांना रेल्वेगाडीवरूनच समजावतो. गाडी स्टेशनला आली: अराइव्ह ॲट. मामा जळगावला आले: अराइव्ह इन. जागा ठिपक्याएवढी धरली की ॲट, शहर किंवा देश असला की इन. 'टू' मात्र नाही. आपल्या 'ला'मुळे हात आपोआप तिकडे जातो. रीच वापरलं तर पुढे काहीच नको. डिस्कसचंही तसंच. (मी स्वतः पहिल्या मुलाखतीत 'डिस्कस अबाउट' ठोकून आलो होतो!) डिपेंड ऑन सोपं, 'वर अवलंबून'शी जुळतं. पण भो, क्रियापद एकटं पाठ करू नका. वहीत 'वेट फॉर' अशी जोडीच लिहा, खाली घरचं वाक्य: वी आर वेटिंग फॉर द बनाना ट्रक.